भाड्याच्या घराला फुटलेली खोली

आमच्या भाड्याच्या घराला मंगळवारी सकाळी एक खोली फुटली. स्वयंपाकघराच्या पूर्वेकडच्या भिंतीला, जिथे मी चिकटवायच्या हुकांवर चाळणी, किसणी आणि झारा टांगते, तिथे एक दार आलं होतं. हुक बाजूला सरकून दाराच्या चौकटीवर नीट जाऊन बसले होते. दार उघडून बघितलं तर आत खोली. भिंतींचा रंग ओला होता, बोटाला लागत होता. छताला पंखा होता, पण अजून लहान, पुरीएवढा.

आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो. त्या भिंतीपलीकडे काही नाही, म्हणजे नव्हतं. खाली रस्ता आहे, आणि रस्त्यापलीकडे गंगोत्री पार्क नावाची दुसरी इमारत.

"अहो, जरा इकडे या," मी हाक मारली.

आमचे हे दाढीचा फेस तसाच घेऊन आले. आत गेले, बटण दाबलं. पंखा डासासारखा आवाज करत फिरला. यांनी बटण बंद केलं, खिडकीतून खाली वाकून पाहिलं, आणि म्हणाले, "भाडं वाढेल."

मग उरलेली दाढी करायला गेले, कारण अंबडच्या कंपनीची बस कुणासाठी थांबत नाही.

मी फोन केला भुसावळला, धाकट्या बहिणीला. सुलभा माझ्याहून लहान असली तरी असल्या बाबतीत तिलाच विचारायची आमच्याकडे पद्धत आहे.

"काल तुझं दूध उतू गेलं होतं ना?" ती म्हणाली.

"गेलं होतं. तुझ्याशीच बोलत बसले होते."

"कुठल्या बाजूला?"

"पूर्वेला. ओटा तिकडे जरा उतरता आहे."

"मग झालं तर. नव्या घरात शिरल्यावर मालकीण पूर्वेला दूध उतू घालते. तुमच्या त्या मालकाने घातलं होतं का?"

"त्यांनी इथे कधी चहासुद्धा घेतला नाही."

"मग घराला वाटलं, तूच."

"अगं, मी भाडेकरू आहे."

"ते घराला कोण सांगणार?" सुलभा म्हणाली. "खोलीला माळा आहे का?"

माळा होता. तिला फार बरं वाटलं.

आता आमचं थोडं सांगते. आम्ही खैरनार. नाशिकला पाथर्डी फाट्यापाशी श्रीपाद हाइट्समध्ये आमचं घर, म्हणजे मुलुंडच्या सबनीस साहेबांचं. त्यांनी ते गुंतवणूक म्हणून घेतलं, तसे त्यांचे आणखीही बरेच आहेत. इकडे बहुतेक फ्लॅट तसेच घेतलेले असतात. साहेबांनी आपला फ्लॅट एकदाच पाहिला होता, खालून, गाडीची काच उतरवून. आम्हाला तो रणपिसे एजंटने दाखवला. लग्न झाल्यापासून आम्ही अकरा महिन्यांच्या कराराने जगतो. बाराव्या महिन्यात एक तर भाडं चढतं, नाही तर टेम्पो येतो. माझ्या डब्यांनासुद्धा सवय झाली आहे, करार संपत आला की त्यांची झाकणं आपोआप घट्ट बसतात.

पण या घरातून मला जायचं नव्हतं. कारण विचाराल तर ओट्याची उंची. तो माझ्या कमरेला बरोबर येत होता. आतापर्यंतचे सगळे ओटे दुसऱ्याच कुठल्या तरी बाईच्या कमरेचे होते.

म्हणून मी ठरवलं, खोलीचं कुणाला सांगायचं नाही. शिवणाचं मशीन तिथे नेलं, फॉल-पिकोच्या साड्या माळ्यावर ठेवल्या. पंखा रोज थोडा वाढत होता. आठवड्याभरात त्या खोलीलाही पूर्वेच्या बाजूने आणखी एक खोली फुटली, जरा लांबट. तिच्यात कपाटाची जागा होती.

घर मोठं होऊ शकतं हे आमच्या भागात कुणाला माहीत नव्हतं. लहान होतं, हे सगळ्यांनाच माहीत होतं. बंद फ्लॅट आकसतात. गुंतवणुकीची घरं कुलूप लावून ठेवली की वर्षा-दोन वर्षांत दार कमरेपर्यंत येतं. आमच्या खालच्या मजल्यावर तर नावाची पाटी दारापेक्षा मोठी झाली होती. तिथले मालक मागच्या दिवाळीत ठाण्याहून आले होते. त्यांनी दारातून हात आत घातला, खोल्या चाचपून बघितल्या, सगळ्या आहेत अशी खात्री केली आणि कुलूप लावलं. रेट वाढलाय म्हणून खुशीत होते.

आमच्या ह्यांना गुपित पचत नाही. कंपनीच्या कँटीनमध्ये कुणी तरी आपल्या नव्या फ्लॅटची फुशारकी मारत होतं, तेव्हा हे म्हणाले, "आमच्याकडे सध्या दोन बेडरूम आहेत, तिसरी येतेय." शनिवारी रणपिसे दारात उभे.

रणपिशांच्या कमरेला किल्ल्यांचा एवढा जुडगा असतो की ते जिना चढायला लागले की पहिल्या मजल्यापासून कळतं.

"वहिनी, सहज आलो. नुसतं बघायला."

"काय बघायला?"

"घर. घर बघायला काय लागतं."

त्यांनी स्टीलची टेप काढली, एक टोक माझ्या हातात दिलं आणि पूर्वेकडे चालत गेले. बराच वेळ टेप सरकत राहिली. मग आतून त्यांचा आवाज आला, फोनवरचा. "साहेब, तुमचा वन बीएचके मोठा झालाय. नाही साहेब, मी काही घेतलेलं नाही. सकाळ आहे."

सबनीस साहेब दुसऱ्याच दिवशी आले. बारीक अंगाचे, टोपी घातलेले, फार सभ्य गृहस्थ. बूट दाराबाहेर काढले, जोडीने नीट लावले, आणि आपल्याच घरात शिरताना मला विचारलं, "ताई, येऊ ना?" मी या म्हणाले. स्वयंपाकघरात येऊन ते दारासमोर उभे राहिले.

"इथे तर भिंत आहे," ते म्हणाले.

"साहेब, दार आहे," रणपिसे म्हणाले आणि आत जाऊन परत आले. "हे बघा."

साहेब त्यांच्या मागोमाग निघाले आणि त्यांचं नाक भिंतीवर आपटलं. त्यांनी नाक चोळलं. "पुन्हा बघू," असं म्हणून पुन्हा आपटलं. मी ओला रुमाल दिला. आम्ही तिघं दारातून ये-जा करत होतो आणि ते भिंतीला हात लावून उभे होते. मला वाईट वाटलं. एखाद्या लग्नात सगळ्यांना वाढावं आणि नेमकं एकाच पानावर काही पडू नये, तसं.

"ज्या खोल्या मला दिसत नाहीत, त्या मी विकणार कशा?" साहेबांनी विचारलं.

 विकायच्या गोष्टीला मदत करायला मी काही बांधील नव्हते. पण आमचे हे पुढे सरसावले. "त्याचं काय आहे साहेब, हिचं दूध उतू गेलं होतं."

मी त्यांच्याकडे पाहिलं. उशीर झाला होता. त्यांनी सुलभाने सांगितलेलं सगळं सांगून टाकलं, माळ्यासकट.

रणपिसे खाली पळाले. दुधाच्या पिशव्या आणि नवं कोरं पातेलं घेऊन आले. साहेबांनी हातपाय धुतले, टोपी सरळ केली आणि गॅसपुढे हात जोडून उभे राहिले. आम्ही मागे. दूध तापलं. साय धरली. कडेने वर आलं, अगदी काठापर्यंत, तिथे जरा थांबलं, साहेबांकडे पाहिल्यासारखं केलं आणि खाली गेलं.

"पुन्हा बघू," साहेब म्हणाले.

रणपिशांनी गॅस मोठा केला. दूध पुन्हा वर आलं, पुन्हा बसलं. असं दुपार होईपर्यंत चाललं. शेवटी सिलिंडर संपला. तो माझा होता, पण त्या वेळी बोलणं बरं दिसलं नसतं.

दूध इतकं आटलं होतं की मी त्यात साखर आणि चारोळी घातली. त्याची छान बासुंदी झाली. आम्ही चौघं जमिनीवर बसून खाल्ली. साहेबांनी वाटी बोटाने पुसून घेतली.

"घरची बासुंदी कित्येक वर्षांत खाल्ली नव्हती," ते म्हणाले.

"का, मुलुंडला घर आहे ना तुमचं?"

"मुलाचं आहे. मी हॉलमध्ये असतो. सोफा आहे, उघडला की पलंग होतो. टीव्ही बंद झाला की माझी खोली सुरू होते." हे त्यांनी तक्रारीच्या सुरात सांगितलं नाही. बस कुठून सुटते ते सांगावं तसं सांगितलं.

"आणि हे एवढे फ्लॅट?"

"ते गुंतवणुकीचे," साहेब म्हणाले, आणि चमचा खाली ठेवून त्यांनी ठरवून टाकलं. "ताई, तुमचा करार संपत आला ना?"

"या महिन्याअखेर."

"मग असं करू. मी स्वतःच इथे येऊन राहतो. घराला माझी ओळख पटू दे, खोल्या दिसायला लागू देत, मग विकायला काढू. तुम्ही समोर गंगोत्री पार्कमध्ये जा. तिथेही तिसऱ्या मजल्यावर माझा एक फ्लॅट आहे. भाडं देऊ नका. नुसतं राहा. तो जरा आकसलाय."

"वहिनींचा हातगुण बघता सहा महिन्यांत थ्री बीएचके," रणपिसे म्हणाले. "मग पुढचा."

"म्हणजे आम्ही खत," मी म्हणाले.

"काय वहिनी, कसले शब्द काढता. पार्टनर म्हणा."

"आणि साहेबांना खोल्या दिसल्याच नाहीत तर? आम्ही परत येऊ इथे?"

साहेबांनी छताकडे पाहिलं. "बघू," ते म्हणाले. आमचे हे मात्र तोवर मनातल्या मनात पुढच्या अकरा महिन्यांचं भाडं वाचवून बसले होते. चेहऱ्यावर दिसत होतं.

सामान हातगाडीवरून गेलं. रस्ता ओलांडायचा एवढंच. निघताना मी ओट्यावरून शेवटचं फडकं फिरवलं. शिवणाच्या खोलीतला पंखा कुणी न लावता सुरू झाला. आता तो पुरता मोठा झाला होता, वारा स्वयंपाकघरापर्यंत येत होता. मी तो बंद केला. तो पुन्हा सुरू झाला. मी म्हणाले, "अगं, समोरच आहे मी." घराला मी अगंच म्हणते. आमच्या ह्यांनी ऐकलं नसावं.

गंगोत्री पार्कमधल्या फ्लॅटचं दार माझ्या गुडघ्याला लागत होतं. रणपिशांनी ते मोठ्या अदबीने उघडून धरलं. "या, या. वाकून." आम्ही रांगत आत गेलो. आत बसलं की डोक्यावर बोटभर जागा राहत होती. ओटा पाटाएवढा. बेसिन वाटीएवढं. पण सगळं जागच्या जागी. मशीन कसंबसं आत आलं, कपाट बाहेर पॅसेजमध्ये राहिलं.

"लोकेशन मात्र चांगलं आहे," आमचे हे म्हणाले. ते पोटावर झोपून खिडकीतून बघत होते.

खिडकी रस्त्याच्या बाजूला होती. समोर आमचं घर दिसत होतं.

पहिल्या सकाळी मी दूध तापत ठेवलं आणि त्याच्यासमोर मांडी घालून बसले. वर यायला लागलं की गॅस बंद. दुसऱ्या सकाळी तेच. मी डोळा हलवला नाही, फोन घेतला नाही, सुलभाला सांगून ठेवलं की दूध उतरल्याशिवाय लावत जाऊ नकोस.

थोडे दिवस ह्यांनी काढले. मग एकदा दाढी करताना म्हणाले (आडवे होऊन दाढी करायला ते आता शिकले होते), "निर्मला, जाऊ दे की एकदा उतू. मान मोडली माझी."

"नको."

"का?"

"त्या घराला काय वाटेल?"

त्यांनी वस्तरा खाली ठेवला. "घराला," ते म्हणाले.

"हो."

"आणि माझ्या मानेला काय वाटतंय, ते?"

मी तिळाचं तेल कोमट करून त्यांच्या मानेला चोळलं. त्या दिवशी विषय संपला. पण माणूस हुशार. एका सकाळी पॅसेजमधून हाक मारली, "निर्मला, लवकर ये, बघ कोण आलंय." मी रांगत बाहेर गेले. कुणी नव्हतं. हे अपेक्षेने माझ्या पाठीमागे घराकडे बघत होते.

"पातेलं कुठाय?" त्यांनी विचारलं.

ते माझ्या हातात होतं. मी सोबतच आणलं होतं.

ते पायरीवर बसले आणि हसायला लागले. मग मीही हसले. पॅसेजमध्ये बसून आम्ही तिथेच चहा केला, पण दूध न सांडता.

घर मात्र वाढत नव्हतं. उलट आकसत होतं. आम्ही राहत होतो तरी ते आम्हाला पाहुणेच समजत होतं. रणपिसे दर रविवारी येऊन दाराशी पट्टी लावायचे. "वहिनी, वाढत का नाही?"

"मला काय माहीत. तुमचं लोकेशन चांगलं आहे ना?"

तिकडून सबनीस साहेबांचे फोन यायला लागले. ते खरंच येऊन राहिले होते, एक गादी आणि एक कुकर घेऊन.

"ताई, भाताला शिट्ट्या किती?"

"तीन. मग गॅस बारीक."

"ताई, दारातली दुसरी फरशी वाजते. नेहमीच वाजते का?"

"हो. तिच्यावरून जाऊ नका, बाजूने जा. तिला आवडत नाही."

"बरं."

कधी ते विचारायचे, दुपारी ऊन कुठल्या खिडकीतून येतं, गादी कुठे टाकू. कधी विचारायचे, उंबऱ्यावर रांगोळी काढायची का, आणि पुरुषाने काढली तर चालते का. मी सांगत गेले. मनात यायचं, बाई, तू काय करतेयस, आपलंच घर दुसऱ्याला शिकवतेयस. पण समोरचा माणूस भात करपला म्हणून फोन करतो तेव्हा त्याला काय सांगायचं? चिमूटभर मीठ ताटलीत ठेवून वर झाकण घाला, वास जातो. सांगितलं.

एका दुपारी फोन आला. आवाज एकदम हळू होता, झोपलेल्या मुलाशेजारी बोलावं तसा.

"ताई, मला ओट्यामागची खोली सापडली."

मी मशीनचं चाक थांबवलं.

"भिंत पुसत होतो. फडकं आतच गेलं. मग मीही गेलो. इथे खाली एक बटण पडलंय, निळं. तुमचं असेल. ठेवून देऊ का?"

"द्या ठेवून," मी म्हणाले. मला आनंद झाला, पण मशीनचं चाक उलटं फिरवलं आणि दोरा तुटला.

त्यानंतर घर सुटलंच. मी खिडकीतून बघत होते. श्रीपाद हाइट्सच्या तिसऱ्या मजल्यातून पूर्वेला खोल्या येत होत्या, एकीला एक लागून, रस्त्यावर. प्रत्येक खोली आधी मोडासारखी पांढरी निघायची, मग तिला खिडक्या यायच्या, मग रंग. खालून सिटी बस जायची. एक भाजीवाली तिथे सावली मिळते म्हणून कायमची बसायला लागली आणि मेथीची जुडी आता कोमेजत नाही म्हणून घराला रोज कोथिंबिरीची एक काडी वाहायची. घर सरळ रेषेत येत होतं. विजेच्या तारांपाशी आलं तेव्हा जरा थांबलं, मग अंग चोरून त्यांच्यावरून गेलं.

रणपिशांचे सुगीचे दिवस आले. रोज गाड्या भरून गुंतवणूकदार यायचे आणि रस्त्यात माना वर करून उभे राहायचे. "रोड व्ह्यू," रणपिसे सांगायचे. "चारी बाजूंनी, आणि खालूनही. वारा बघा. इकडे वर बघा साहेब, ती चौथी, ती गेली. पाचवी शिल्लक आहे." थोड्याच दिवसांत न फुटलेल्या खोल्यांचं बुकिंग सुरू झालं. लोक हवेकडे बोट दाखवून आपापली खोली पसंत करायचे आणि एकमेकांना सरका म्हणायचे.

आणि इकडे आमचं छप्पर माझ्या भांगाला टेकलं. हे आता बाहेर पॅसेजमध्ये कपाटाशेजारी झोपत होते. शेजारच्यांना त्यांनी सांगितलं होतं, मला मोकळ्या हवेची सवय आहे.

मग तो फोन आला.

"ताई, मी विकत नाहीये," सबनीस साहेब म्हणाले.

 पुढचं वाक्य परत या असं असेल, असं मला वाटलं. माझ्या मनाने तेवढ्यात चाळणीसुद्धा हुकावर टांगली.

"मीच राहतो इथे. इथे झोप लागते हो."

"किती दिवस?"

ते नेहमी म्हणतात तसं पुन्हा बघू म्हणतील म्हणून मी थांबले. ते म्हणाले, "आता इथेच."

खालून बस गेली. तिचा आवाज आधी त्यांच्या फोनमधून आला, मग माझ्या खिडकीतून.

"ताई, रागावलात?"

"नाही," मी म्हणाले. "तांदूळ दोनदा धूत जा. तुम्ही एकदाच धुता."

फोन ठेवला आणि चव्हाण बाईंच्या साडीला फॉल उलटा लावला. पूर्ण लावल्यावर कळलं. उसवत बसले. ओटा माझ्या कमरेचा होता हो. सबनीस साहेब माझ्याहून उंच आहेत, ते तिथे वाकून कांदा चिरत असतील.

संध्याकाळी रणपिसे पॅसेजमध्ये येऊन कपाटाला टेकून बसले. किल्ल्या मांडीवर घेतल्या होत्या. "साहेबांचं डोकं फिरलं, वहिनी. बुकिंगवाल्यांना काय सांगू?"

"सांगा, मालक राहायला आलेत."

"या धंद्यात असं होत नाही."

"मग सांगू नका."

"कुणाला सांगून पटणार पण आहे का," ते म्हणाले. मी आत हात घालून त्यांच्यासाठी चहाचा कप बाहेर काढला. घरात आता एका वेळी एकच कप मावत होता.

रणपिसे गेल्यावर हे माझ्यासमोर उकिडवे बसले. मी दाराशी, आत. हे बाहेर. आमच्यामध्ये उंबरा.

"निर्मला, मी दुसरं घर बघितलंय. सिडकोत. एजंटशिवाय. ओटा बघून आलो, जरा उंच आहे, पण खाली पाट ठेवता येईल."

मला त्यांची माया आली. ओटा बघायला गेलेला पुरुष मी तरी आजवर पाहिला नव्हता.

"त्या घराचं सोड आता. त्याचा माणूस त्याला मिळाला," ते म्हणाले. "उद्या दुपारी हातगाडी येईल. चालेल ना?"

"चव्हाण बाईंची साडी तेवढी पुरी करते."

"कर."

दुसऱ्या दिवशी दुपारी सगळं सामान पॅसेजमध्ये काढून झालं. आत मी आणि मशीन, एवढेच. मशीनच्या खाली पाय, मशीनवर हनुवटी, दोन्ही खांदे दोन्ही भिंतींना. साडीचा शेवटचा वीतभर फॉल राहिला होता. उजेड कमी झाला. मला वाटलं ढग आला. खिडकीकडे बघितलं तर खिडकीत आकाश नव्हतं, रस्ता नव्हता, समोरची इमारत नव्हती. दुसरी भिंत होती, खिडकीला गाल लावून.

मी सुई वर केली आणि ऐकत राहिले.

भिंतीपलीकडे, लांब कुठे तरी, कुणी फोडणी करत होतं. तेल पुरतं तापायच्या आधीच मोहरी टाकलेली, त्यामुळे तडतडायला वेळ लागत होता. मग कढीपत्त्याचा वास माझ्या नाकाशी आला. मग गॅस बंद झाल्याचा आवाज, आणि चप्पल. चप्पल लांबून येत होती. एक खोली ओलांडून, मग दुसरी, मग तिसरी. माझ्या नाकापुढच्या भिंतीवर एक रेघ उठली, वरून खाली. मग आडवी. मग दार झालं. आमच्या घराएवढं नाही, माणसाएवढं. आमचं छप्पर त्याला जागा द्यायला जरासं कुरकुरत वर सरकलं.

दारावर टकटक झाली. अगदी हळू.

"कोण?" मी विचारलं.

"मी, सबनीस. ताई, मी फोडणी द्यायला डाळ शोधत निघालो. खोल्या संपेचनात. सगळ्या एकाच दिशेने आहेत." ते जरा दमले होते, पण आवाज खूश होता. "माझ्या मागे परतायला कुठलंच दार आता दिसत नाहीये. हे एकच आहे."

मी हात साडीवरून काढला. दाराखालच्या फटीतून वारा येत होता, माझ्या पायांवर. ओळखीचा होता.

"निर्मला, कुणाशी बोलतेयस?" ह्यांनी पॅसेजमधून विचारलं. "हातगाडी आली आहे."

"घर आलंय," मी म्हणाले.

बाहेर ह्यांनी काही तरी खाली ठेवलं. बहुधा पितळेचा डबा.

"ताई," दारापलीकडून सबनीस साहेब म्हणाले, "आत येऊ का?"

मी आत पाहिलं. आत जागा नव्हती. मग दाराकडे पाहिलं. त्याला कडी एकच होती, आणि ती माझ्या बाजूला होती.